गिलावा कशाचा?

गेल्या नोव्हेंबरमध्ये एका रविवारी सकाळी ईस्वारजवळच्या एका गावातून फोन आला. मूळचा सांगलीचा मुलगा, तीन वर्षांपासून फ्रान्समध्ये नोकरीला आहे, बायको क्लेरमाँ-फेराँच्या विद्यापीठात शिकते आहे आणि दोघांनी उन्हाळ्यात एक जुने दगडी घर विकत घेतले आहे. "ताई, स्वयंपाकघराच्या भिंतीला खालून गुडघ्याएवढी ओल चढली आहे," तो म्हणाला. "पोपडे पडतात, पांढरी पूड गळते. इथला एक जण म्हणतो, सगळं खरवडून सिमेंटचा पक्का गिलावा करून टाकू, पुन्हा त्रास होणार नाही. करू का?" पाठोपाठ त्याने भिंतीचा फोटो पाठवला. तो पाहताना मला माझीच भिंत आठवली, कारण काही वर्षांपूर्वी मी अगदी अशाच भिंतीसमोर उभी होते आणि तेव्हा मला विचारायला जवळ कोणी नव्हते.

त्या दिवशी आम्ही दीड तास बोललो. सुरुवात भिंतीपासून झाली. मग करार आणि विमा निघाला, मग वरचा मजला भाड्याने द्यावा का, आणि शेवटी बायकोने घरून काही पदार्थ करून विकावेत का, इथपर्यंत विषय गेला. परक्या देशात घर करणाऱ्या माणसाचे प्रश्न असेच एकमेकांचा हात धरून येतात. त्याला जे सांगितले ते आणि वेळेअभावी सांगायचे राहिले तेही इथे सविस्तर लिहिते आहे.

आमचे घर क्लेरमाँ-फेराँच्या उत्तरेला, रियोमच्या अलीकडे एका गावात आहे. नवऱ्याची नोकरी मिशेलिन या टायरच्या कंपनीत असल्यामुळे आम्ही या भागात आलो आणि आठ वर्षे भाड्याच्या सदनिकेत काढल्यावर 2018 साली हे घर घेतले. पूर्वी या गावांत द्राक्षमळेवाले राहत. त्यांच्या घरांची रचना ठरलेली असे: खाली वाईनची पिंपे आणि द्राक्षे तुडवण्याच्या कुंडाची अंधारी खोली, बाहेरून चढणारा दगडी जिना, आणि वर राहण्याच्या दोन-तीन खोल्या. भिंती हातभराहून जाड, आणि दाराखिडक्यांच्या चौकटी काळसर करड्या दगडाच्या.

त्या दगडावर माझा जीव पहिल्याच भेटीत जडला. तो व्होल्विकचा दगड. हे गाव जगाला बाटलीतल्या पाण्यामुळे ठाऊक आहे, पण इथल्या लोकांना ते आधी दगडासाठी माहीत होते. जवळच्या न्युजेर नावाच्या ज्वालामुखीतून वाहत आलेल्या लाव्ह्याचा हा खडक आहे. क्लेरमाँचे काळे कॅथेड्रल, ज्याचे बांधकाम 1248 मध्ये सुरू झाले, याच दगडात उभे आहे. आमच्या गच्चीवरून ज्वालामुखींची जी रांग दिसते तिला 2018 मध्येच युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. माझे माहेर वाईचे. कृष्णेचे घाट, ढोल्या गणपतीचे देऊळ, मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा, आणि आमच्या आळीतल्या वाड्यांची जोती, सगळे काळ्या पाषाणाचे. दख्खनचा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा आणि हा काही हजार वर्षांचा, त्यामुळे नाते सख्खे नाही. तरीही पावसात भिजल्यावर दोघांचा रंग एकच होतो, आणि पहिल्या पावसाळी संध्याकाळी त्या चौकटीवर हात ठेवला तेव्हा मला परक्या ठिकाणी असल्यासारखे वाटले नाही.

मात्र दगडाच्या आतली बाजू पाहिली नव्हती. आधीच्या मालकांनी कधीतरी तळमजल्याच्या भिंतींना आतून-बाहेरून सिमेंट लावले होते. पहिल्या हिवाळ्यात सिमेंटच्या थराच्या वर, जिथे तो संपत होता तिथे, ओलीची एक वाकडी रेघ उमटली आणि दर आठवड्याला ती चढत गेली. खाली पांढरी खारट पूड साठू लागली. मी ती बोटावर घेऊन पाहिली आणि तोंडातून आपसूक शब्द निघाला, लोणा. वाईच्या घरात दर पावसाळ्यानंतर आजोबा भिंतींवरून हात फिरवून लोणा कुठे लागला आहे ते बघत, आणि तेवढाच भाग खरवडून पुन्हा चुन्याने भरून घेत. सिमेंटचे पोते घरात असले तरी ते त्या भिंतींना लावू देत नसत. कारण त्यांनी कधी समजावून सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

कारण मला इथल्या गवंड्याने सांगितले. तो पोर्तुगीज वंशाचा आहे. क्लेरमाँच्या परिसरात पोर्तुगालमधून आलेल्या कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि बांधकामात त्यांचा हात अनेक वर्षे चालत आला आहे. साठीचा माणूस, बोलणे थोडे. त्याने भिंतीवर हात ठेवला, मग छिन्नीने सिमेंटचा एक तुकडा उडवला आणि मागचा मातकट चुना मला दाखवला. "मादाम, ही भिंत पाणी पिते. जुन्या घरांच्या पायात पाणी अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी दगडांच्या सांध्यांतून वर चढतं आणि चुन्यातून हवेत निघून जातं. तुम्ही तिचं तोंड बांधलंत, म्हणून ती आता वर चढून दुसरी वाट शोधते आहे." त्याच्या या तीन-चार वाक्यांत आजोबांच्या हट्टाचा उलगडा झाला. जाण्याची वाट बंद झालेले पाणी भिंतीत साठते, बरोबर आणलेल्या क्षारांचे पृष्ठभागाजवळ स्फटिक होतात आणि ते फुगून गिलावा ढकलतात. सिमेंट जितके पक्के तितकी ही नासाडी जास्त. सांगलीच्या मुलाला मी पहिल्याच मिनिटाला सांगितले ते एवढेच, की त्या भिंतीला सिमेंट लावू देऊ नकोस.

दुरुस्तीचे काम आम्ही 2019 च्या मे महिन्यात केले. फेब्रुवारीतच करून घ्यावे अशी माझी घाई होती, पण गवंड्याने साफ नकार दिला. पारा पाच अंशांखाली जातो तोवर चुन्याला हात लावायचा नाही, कारण गोठलेला चुना धरत नाही. आधी सिमेंट काढले, मग सांधे खोलवर साफ केले आणि भिंत दोन महिने तशीच उघडी ठेवली. घरात पाहुणे आले की मला त्या उघड्या दगडांची लाज वाटे. गवंडी मात्र येता-जाता डोकावून समाधानाने मान हलवी. मे महिन्यात त्याने भिंतीवर पाणी मारले, दगड वरून कोरडा पण आतून ओला होईपर्यंत थांबला आणि मग थापीने चुन्याचा पातळ खडबडीत थर अक्षरशः फेकत गेला. तो वाळल्यावर मधला जाड थर, आणि त्यानंतर बारीक वाळूचा शेवटचा हात. चुना पोत्यातला होता, दोर्दोन्य भागातल्या सेंत-आस्तिएचा, ज्याला इथे नैसर्गिक जलीय चुना म्हणतात. तो काही अंशी पाण्याने आणि बाकीचा हवेने घट्ट होतो. मधल्या थरात त्याने तांबूस ज्वालामुखी खडी बारीक करून मिसळली. ती कशासाठी, असे विचारल्यावर म्हणाला की रोमन लोकांपासूनची रीत आहे, तिच्यामुळे चुना ओलाव्यातही धरतो. आपल्याकडे हेच काम विटांची भुकटी, म्हणजे सुर्खी, करीत आली आहे. आमच्या आळीच्या टोकाला बैल जुंपून फिरवायच्या चुन्याच्या घाणीचे गोल दगडी चाक अनेक वर्षे पडून होते आणि आम्ही मुले त्याच्यावर बसून बोरे खात असू. त्या चाकाने काय दळले जात असे ते मला ओव्हेर्न्यमध्ये, म्हणजे फ्रान्सच्या या आमच्या भागात, एका पोर्तुगीज माणसाच्या घमेल्यात पाहायला मिळाले.

त्यानंतर सहा हिवाळे झाले. ओलीची रेघ खाली उतरत गेली. पूर्ण गेलेली नाही, जोत्यापाशी पावसाळी दिवसांत थोडा काळसरपणा येतो आणि आठवड्याभरात तो जातो. अशा घरात तेवढे चालायचेच.

आता कागदांबद्दल. भिंतीइतकाच मोठा धडा मला कागदांनी दिला, आणि इथे येणाऱ्या आपल्या माणसांचे नुकसान बहुतेक वेळा इथेच होते. आपल्याकडे काम ओळखीवर सुरू होते आणि हिशेब कामाच्या ओघात ठरतो. इथे कामाची सुरुवात दव्हीने होते. दव्ही म्हणजे केवळ खर्चाचा अंदाज नव्हे. काम कोणते, साहित्य कोणते, किती चौरस मीटर, दर काय, कर किती, किती दिवसांत, हे सारे त्यात लिहिलेले असते, आणि त्यावर तुम्ही सही केली की तो करार होतो. मग त्यात लिहिलेले करणे कारागिराला बांधील, आणि न लिहिलेले मागण्याचा तुम्हाला हक्क नाही. म्हणून सही करण्यापूर्वीचा वेळ हाच प्रश्न विचारण्याचा वेळ. तीन कारागिरांकडून दव्ही मागवण्यात कोणाचा अपमान होत नाही; उलट प्रत्येकाने काय वगळले आहे ते शेजारी ठेवल्यावरच कळते.

आगाऊ पैशांच्या बाबतीत एक बारकावा आपल्या लोकांना चटकन समजेल, कारण इसार हा शब्द आपल्याला ठाऊक आहे. फ्रेंचमध्ये आगाऊ रकमेला दोन वेगळे शब्द आहेत, 'आर' आणि 'आकोंत'. 'आर' दिली असेल तर तुम्ही माघार घेऊ शकता, मात्र रक्कम सोडावी लागते. समोरच्याने माघार घेतली तर त्याने दुप्पट परत करायची. 'आकोंत' दिली असेल तर व्यवहार दोघांवरही पक्का आहे आणि मागे फिरणाऱ्याकडून दुसरा भरपाई मागू शकतो. बांधकामात बहुधा 'आकोंत' असते. कागदावर कोणता शब्द आहे ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि काम संपण्याआधी सगळे पैसे तर कधीच देऊ नयेत. करारात तशी अट घातली असेल तर कामात राहिलेल्या उणिवांसाठी पाच टक्क्यांपर्यंत रक्कम राखून ठेवण्याची सोय 1971 च्या कायद्याने दिलेली आहे.

दुसरा कागद विम्याचा. 1978 च्या एका कायद्याने फ्रान्समध्ये बांधकामाच्या कारागिरांवर दहा वर्षांची जबाबदारी घातली. घराच्या मजबुतीला धोका होईल किंवा घर राहण्याजोगे उरणार नाही असा दोष दहा वर्षांत निघाला, तर त्याची भरपाई करावी लागते आणि त्यासाठी कारागिराकडे विमा असणे सक्तीचे आहे. या विम्याचा दाखला मागून घ्यावा आणि तो नीट वाचावा. तारीख चालू आहे का, आणि त्याहून महत्त्वाचे, आपण जे काम देतो आहोत ते त्या दाखल्यात लिहिलेले आहे का? छपराच्या कामाचा विमा असलेल्या माणसाने भिंत पाडली तर त्या विम्याचा उपयोग नाही. कारागिराचा चौदा आकडी नोंदणी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर फुकट तपासता येतो. त्याला पाच मिनिटे लागतात. काम संपले की दोघांनी मिळून ते पाहायचे आणि स्वीकारपत्रावर सही करायची. दोष दिसत असतील तर त्या पत्रातच लिहायचे, कारण सगळ्या हमींचे दिवस त्या तारखेपासून मोजले जातात. आमच्या गवंड्याच्या स्वीकारपत्रावर मी जिन्याखालच्या एका कोपऱ्याची नोंद केली तेव्हा माझा हात अडखळला. वडिलांच्या वयाच्या माणसाच्या कामात खोड काढायची कशी, असे वाटले. त्याने कागद पाहिला, कोपरा पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी येऊन तो कोपरा पुन्हा केला. त्याच्या चेहऱ्यावर नाराजीचा लवलेशही नव्हता. लिहून सांगणे हा इथे अविश्वास समजला जात नाही, हे मला त्या दिवशी पटले.

न लिहिण्याची किंमतही मी मोजली आहे. छपराखाली उष्णता राखणारा थर बसवण्याचे काम आम्ही 2021 मध्ये काढले. अशा कामांसाठी 2020 पासून सरकारी अनुदानाची योजना आहे आणि तिच्यासाठी कारागिराकडे ठरावीक मान्यतेचे प्रमाणपत्र लागते. ते होते. "अर्जाचं आम्ही मागाहून बघतो, तुम्ही काळजी करू नका," असे आम्हाला तोंडी सांगण्यात आले आणि थंडी जवळ आल्यामुळे मी मान डोलावली. काम सुरू होण्याआधी अर्ज दाखल झालेला असावा ही मूळ अट होती. अर्ज नंतर गेला आणि नामंजूर झाला. काही शेकडो युरो गेले, आणि त्या रकमेत त्या वर्षीचे भारतात जाण्याचे माझे तिकीट होते. आईला फोनवर सांगताना मला रडू आवरले नाही. म्हणून मी आता प्रत्येकाला कळकळीने सांगते: अर्ज आधी, पोच हातात, मग काम.

बाहेरून दिसणाऱ्या कामासाठी ग्रामपालिकेची, म्हणजे मेरीची, परवानगी लागते. खिडक्या बदलल्या आणि रूप पालटले तरी पूर्वसूचनेचा अर्ज भरावा लागतो. त्याचे उत्तर एरवी एका महिन्यात येते, पण आमच्या गावातले चर्च संरक्षित वास्तू आहे आणि अशा वास्तूभोवतीच्या पाचशे मीटरमध्ये सरकारी वास्तुतज्ज्ञाचे मत घ्यावे लागते, त्यामुळे दोन महिने लागले. आमच्या मनात स्वस्तातल्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खिडक्या होत्या. मत आले लाकडी, लहान तावदानांच्या, करड्या रंगाच्या खिडक्यांचे. खर्च वाढला. तेव्हा चरफडले, पण त्या काळ्या चौकटींत बसलेल्या करड्या खिडक्या पाहते तेव्हा मला वाईच्या त्या वाड्यांची आठवण येते ज्यांच्या दगडी जोत्यांवर चकचकीत फरशा चिकटवल्या गेल्या आणि कोणी अडवले नाही.

सांगलीच्या मुलाचा पुढचा प्रश्न भाड्याचा होता. वरचा मजला भाड्याने देऊन कर्जाचा हप्ता हलका करावा, हा विचार चांगला. पण घर खरेदीच्या वेळी हातात येणाऱ्या तपासण्यांच्या गठ्ठ्यात ऊर्जेच्या वापराचा एक दाखला असतो, त्यात घराला 'ए' पासून 'जी' पर्यंत श्रेणी मिळते, आणि 1 जानेवारी 2025 पासून 'जी' श्रेणीचे घर राहण्यासाठी नव्याने भाड्याने देता येत नाही. त्याने गठ्ठा काढून पाहिला. 'जी' होता. खरेदीची किंमत कमी का होती, हेही त्याला तेव्हाच उमगले. प्राथमिक करारावर सही झाल्यावर घेणाऱ्याला कारण न देता माघार घेण्यासाठी दहा दिवस मिळतात. तो गठ्ठा वाचण्यासाठीच ते दिवस आहेत असे मी मानते. शिवाय स्वतःचा वेगळा नोतेर, म्हणजे खरेदीखत करणारा सरकारमान्य विधिज्ञ, घेण्याचा घेणाऱ्याला अधिकार असतो आणि त्यामुळे एकूण शुल्क वाढत नाही, हे फार कमी जणांना माहीत असते. व्यवहार लावून देणारा सांगेल त्याच नोतेरकडे सगळे जातात.

व्यवसायाची गोष्ट याच तळमजल्यावर घडली. ओल उतरल्यावर त्या जुन्या कुंडाच्या खोलीत काय करावे हा प्रश्न होता. मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकले, इथे आल्यावर काही वर्षे भाषांतरे केली, पण मन रमले ते स्वयंपाकात. 2023 मध्ये ठरवले की खोलीचे स्वयंपाकघर करायचे, दर शनिवारी आठवडी बाजारात थालीपीठ, चटण्या, चिवडा विकायचा आणि महिन्यातून एकदा शिकवणीचा वर्ग घ्यायचा.

इथे पहिला प्रश्न राहण्याच्या परवान्याचा येतो, आणि तो खोलीच्या, भांड्यांच्या, नावाच्या फलकाच्याही आधी विचारायला हवा. माझे कार्ड नवऱ्याच्या विशेष कौशल्याच्या परवान्यावर कुटुंबीय म्हणून मिळालेले असल्याने मला कोणताही व्यवसाय करण्याची मुभा होती. पाहुण्याच्या, म्हणजे 'व्हिझितर', परवान्यावर राहणाऱ्याला काम करता येत नाही. विद्यार्थ्याला वर्षाला 964 तास पगारी नोकरी करता येते, पण स्वतःचा धंदा नाही. सांगलीच्या मुलाची बायको फोनवर ऐकत होती. तिचा उत्साह मावळला हे मला तिच्या गप्प होण्यावरून कळले. तिला मी म्हटले, "बाळ, शिक्षण पूर्ण कर, परवाना बदलून घे, तोवर माझ्या वर्गाला येऊन हात चालता ठेव. आज लपवून दहा डबे विकशील आणि उद्या कार्डाच्या नूतनीकरणाच्या वेळी तेच आडवं येईल."

लहान धंद्यासाठी इथे 2009 पासून एक सोपी पद्धत आहे, जिला आता मिक्रो-आंत्रप्रनर म्हणतात. नोंदणी 2023 पासून एकाच सरकारी संकेतस्थळावर होते आणि दर महिन्याला किंवा तिमाहीला विक्रीचा आकडा कळवायचा असतो. विक्री शून्य असली तरी शून्य कळवायचे. सोपेपणामुळे मी हुरळले आणि एक गोष्ट हिशेबात धरायची विसरले. सामाजिक सुरक्षेची वर्गणी नफ्यावर नव्हे, विक्रीवर पडते. 2025 मध्ये मालाच्या विक्रीवर हा दर 12.3 टक्के होता. शनिवारी बाजारात 400 युरोंची विक्री झाली, तर साहित्याला कितीही खर्च येवो, 49 युरो 20 सेंट वर्गणीचे वेगळे काढून ठेवायचे. त्यातून साहित्य, जागेचे भाडे, पेट्रोल आणि वीज वजा जायची. शिवाय विक्रीवर मूल्यवर्धित कर आकारायचा नसेल तर खरेदीवर भरलेला करही परत मिळत नाही, म्हणून मोठा मिक्सर आणि शीतकपाट घेताना त्यावरचे वीस टक्के माझ्याच खिशातून गेले. थालीपिठाची किंमत मी पहिल्या सहा महिन्यांत दोनदा वाढवली. गिऱ्हाईक तुटेल अशी भीती होती, तुटले नाही.

आरोग्याच्या नियमांसाठी चौदा तासांचे प्रशिक्षण घेतले आणि जिल्ह्याच्या कार्यालयाला स्वयंपाकघराची नोंद कळवली. त्या प्रशिक्षणातल्या एका दुपारची आठवण मनात आहे. युरोपात अ‍ॅलर्जी आणू शकणाऱ्या चौदा पदार्थांची यादी आहे आणि विक्रेत्याने ते आपल्या मालात आहेत का हे गिऱ्हाइकाला सांगणे बंधनकारक आहे. ती यादी भिंतीवर लावली होती आणि मी खालून वर वाचत गेले: शेंगदाणा, तीळ, मोहरी, दूध, ग्लुटेन. अख्खे मराठी स्वयंपाकघर त्या यादीत होते. फोडणीची मोहरी, कुटाचा शेंगदाणा, चटणीतला तीळ. घरी आल्यावर हिंगाची डबी उघडली, लेबल वाचले, आणि त्यात गव्हाचे पीठ मिसळलेले आहे हे आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. तेव्हापासून ज्यांना गहू चालत नाही त्यांच्यासाठी तांदळाच्या पिठात मिसळलेला हिंग मी वेगळ्या बरणीत ठेवते, तिचा चमचाही वेगळा असतो, आणि भाजणीत गहू घालत नाही अशी एक वेगळी पिशवी असते. एक बाई दर शनिवारी केवळ त्या पिशवीसाठी येतात, कारण त्यांच्या नातीला गहू सोसत नाही. सावधपणा हा धंद्याच्या आड येतो असे मला पूर्वी वाटे.

आपल्या गावाबाहेरच्या बाजारात विकायचे तर फिरत्या व्यापाऱ्याचे कार्ड लागते, ते चार वर्षे चालते. कायमची जागा मिळेपर्यंत पहाटे जाऊन प्लासिएची, म्हणजे जागा वाटून देणाऱ्या माणसाची, वाट पाहायची. डिसेंबरपासून, साडेसहाच्या अंधारात, हाताला हातमोजे आणि पायाशी पिठाचे डबे घेऊन मी चौदा शनिवार उभी होते. तो यायचा, कोण आले नाही ते पाहायचा आणि उरलेल्या मीटरांवर आम्हा नव्यांना बसवायचा. भाडे लांबीच्या मीटरवर. पंधराव्या शनिवारी शेजारच्या चीजवाल्याने माझ्याविषयी त्याच्याकडे आपण होऊन शब्द टाकला, आणि जागा ठरली.

घराच्या विमा कंपनीला खालच्या खोलीत धंदा चालतो हे कळवणेही विसरू नये. आणि वाईच्या बँकेतले खाते! आजोबांनी माझ्या नावाने उघडलेले, चार पैसे असलेले ते खाते दरवर्षी आयकर भरताना वेगळ्या अर्जावर लिहावे लागते. परदेशातले प्रत्येक खाते जाहीर करायचे असते, आणि लपवल्यास खात्यामागे पंधराशे युरोंचा जबर दंड होतो. मी ते कळवू लागले तेव्हा अर्जावर 'वाई' हे गाव फ्रेंच अक्षरांत लिहिताना मला उगीचच बरे वाटले.

सांगलीच्या मुलाने फेब्रुवारीत पुन्हा फोन केला. सिमेंटवाल्याला त्याने नम्रपणे नकार कळवला होता, दोन नव्या कारागिरांना बोलावले होते, आणि एकाची दव्ही त्याला पसंत होती. त्याने तिचा फोटो पाठवला. नोंदणी क्रमांक होता, विम्याचा दाखला जोडलेला होता, तारखा जुळत होत्या, दाखल्यात गवंडीकाम लिहिलेले होते. दुसऱ्या पानावरच्या तिसऱ्या ओळीपाशी मी थांबले. 'पारंपरिक गिलावा, 22 चौरस मीटर', एवढेच तिथे होते.

"गिलावा कशाचा?" मी विचारले.

"चुन्याचाच म्हणाले ते, ताई. बोलणं झालं आहे."

"मग लिहून द्यायला त्यांना अडचण नसेल. विचार."

चार दिवसांनी नवा कागद आला. तिसरी ओळ आता तीन ओळींची झाली होती: नैसर्गिक जलीय चुना, तीन थर, सिमेंट अजिबात नाही. खाली कारागिराने पेनाने एक वाक्य जास्तीचे लिहिले होते, की काम एप्रिलच्या अखेरीस, रात्रीचे गोठणे थांबल्यावर सुरू करू, आणि तोवर भिंत उघडी ठेवावी.

"लाज वाटते हो, ताई," मुलगा म्हणाला. "येत्या महिन्यात आई-बाबा यायचे आहेत सांगलीहून. उघडी भिंत बघून काय म्हणतील?"

"बाबांना तिच्यावर हात ठेवायला सांग," मी म्हटले. "आणि आईंना माझ्याकडे घेऊन ये, शनिवारी बाजार असतो."